सांदवाडीतला तवा

आरमोरीकडून येणारी मोटार सरकारी लाकूड-डेपोच्या फाटकाशी जराशी हळू झाली आणि कंडक्टर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडला, "मुन्शीजी, तुमची माय बुधवारच्या गाडीनं येऊन राह्यली जी! राहायले येतो म्हने!" एवढं सांगून त्याने पत्र्यावर थाप मारली आणि मोटार चांद्याच्या दिशेने धुरळा उडवत निघून गेली. मनसाराम सागाच्या एका ओंडक्यावर वाकला होता. ओंडक्याचा घेर त्याने नुकताच मोजला होता, तो आकडा डोक्यातून साफ उडाला. त्याने टेप पुन्हा ओढली, पुन्हा मोजलं आणि पुन्हा विसरला. आनंद झाला होता, हे खरं. पण आनंदाच्या पाठोपाठ आणखी काहीतरी आलं, हेही खरंच. आणि ते काय आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच त्याचं नाव घ्यायची त्याची तयारी नव्हती. शनिवारची दुपार होती. मोहाची फुलं टपटपू लागण्याचे दिवस, डेपोत सालीचा आणि उन्हाचा वास कोंदलेला. बुधवार काही फार लांब नव्हता.

माय, म्हणजे रुखमाबाई, वैनगंगेच्या काठच्या गावात एकटीच राहत होती. बाप, लटारू, चार वर्षांपूर्वी गेला. त्यानंतर डोंगा विकला गेला, जाळी पुतण्यांनी नेली, आणि माय मात्र घाटाच्या वरच्या घरात तशीच राहिली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेले. हिवाळ्यात घाटाच्या पायरीवरून ती दोनदा घसरली, एकदा तर हात धरून तिला पाण्यातून काढावं लागलं. दर दिवाळीला मनसाराम जायचा आणि म्हणायचा, "चाल माय, माह्यासंग." ती म्हणायची, "पाहू." मायचं पाहू म्हणजे नाही, हे तो लहानपणापासून ओळखून होता. आता तीच येत होती, आपण होऊन, कंडक्टरच्या तोंडून निरोप धाडून. म्हणजे तिने राहून बघायचं ठरवलं होतं. ती बघणार होती, बोलणार नव्हती, आणि मनासारखं नाही दिसलं तर गाठोडं उचलून परतीच्या मोटारीत बसणार होती. या वेळी गेली की पुन्हा येणार नाही, हे त्याला लख्ख कळत होतं. मग एक दिवस ती घाटावरून पुन्हा पडेल, आणि असाच कोणी कंडक्टर खिडकीतून ओरडेल. ओंडका सोडून तो सावलीत जाऊन बसला. डेपोतले मजूर त्याच्याकडे बघत राहिले, कारण मुन्शीजी कामाच्या वेळी कधी बसत नसत.

संध्याकाळी त्याने बायकोला सांगितलं. प्रेमिला तांदूळ निवडत होती. ती ब्रह्मपुरीकडची, तलावावर मासे मारणाऱ्यांच्या घरची, कमी बोलणारी. पण ऐकताना सूप थांबवायची, आणि सूप थांबलं म्हणजे ती ऐकते आहे हे समजायचं. सूप थांबलं. "बरं झालं," ती म्हणाली. "एकटं किती दिवस राहतीन?" मग थोड्या वेळाने त्याने हळूच पुढचं काढलं. माय आली म्हणजे मासोळी मागेल. तिला त्याशिवाय भात उतरत नाही. तर घरामागच्या सांदवाडीत, पेरूच्या झाडाखाली, एक चूल मांडून देऊ, एक वेगळा तवा घेऊ, म्हणजे तिची सोय होईल. प्रेमिला म्हणाली, "आतच करू द्या न. घर त आपलंच समजा आता." तो म्हणाला, "नाई, शेजारी लोक हाये." सूप पुन्हा चालू झालं. तेरा वर्षांच्या संसारात त्याने ज्या ज्या वेळी शेजारी हा शब्द वापरला, त्या त्या वेळी सूप असंच पुन्हा चालू झालं होतं, आणि तिचं ऐकून घेणं त्याने दर वेळी पटणं म्हणून मानून घेतलं होतं.

सुरुवात किती क्षुल्लक होती! डेपोतला त्याचा पहिलाच महिना. गावाहून आणलेल्या सुक्या झिंग्यांची चटणी तो डब्यात घेऊन गेला होता आणि त्याच हाताने त्याने फाईल पुढे केली होती. तेव्हाचा हेडक्लार्क नाकाला रुमाल लावून हसत म्हणाला होता, "मुन्शीजी, आज फायलीला नदीचा वास येतोय." बस, इतकंच. माणूस वाईट नव्हता, पुढे त्यानेच मनसारामला कायम करून घेतलं. सगळे हसले, मनसारामही हसला, सगळ्यांहून मोठ्याने हसला. पण त्या दिवशी घरी जाताना रस्त्यातल्या हापशाखाली त्याने हात तीनदा मातीने घासून धुतले आणि घरी येऊन प्रेमिलाला सांगितलं की घरमालक माळकरी आहे, घरात मासोळी शिजवलेली त्याला चालत नाही. नवी नवरी होती, तिने मान हलवली. घरमालकाने असं काही म्हटलंच नव्हतं. बिचारा नागपुरात राहायचा, वर्षातून एकदा यायचा, आणि मनसाराम काय खातो याच्याशी त्याला काही घेणंदेणं नव्हतं. पुढे तो हेडक्लार्क बदलून गेला. ते घरही सुटलं, सहा वर्षांपूर्वी डेपोचं क्वार्टर मिळालं. हसणारा गेला, भाड्याचं घर गेलं, पण रुमाल लावलेलं ते नाक काही मनसारामच्या मागून गेलं नाही. मग घरमालकाच्या जागी शेजारी आले, एवढाच फरक.

आणि माय तर एकदाच आली होती, अकरा वर्षांपूर्वी. प्रेमिलाला सहावा महिना होता. तिला डोहाळे लागले होते ते झिंग्यांचे. तोंडाने ती एकदाच म्हणाली, पुटपुटल्यासारखं, आणि त्याने दुसऱ्या दिवशी पेढे आणून दिले. तिने ते खाल्ले. मायला कोणी काही कळवलं नव्हतं, पण बायकांना असल्या गोष्टी कळतात; ती पहाटेची निघून ओल्या फडक्यात एक मोठी मरळ आणि वाटीभर ताजे झिंगे बांधून दारात उभी राहिली. "पोरीसाठी आनलं," म्हणाली. फडक्यातून पाणी ठिबकत होतं. समोरच्याच घरात राहणारा हेडक्लार्क ओट्यावर पेपर वाचत बसला होता. त्या क्षणी मनसारामच्या तोंडून जे निघालं ते त्याने आधी जुळवलेलं नव्हतं, आपोआप निघालं, जसं काही तोंडात तयारच होतं. "माय, तिले वास सहन होत नाई." मायने त्याच्याकडे पाहिलं. दिवस गेलेल्या बाईला असं होतं, हे तिलाही माहीत होतं. त्याने तिला मागे नेलं, भिंतीच्या कडेला, आणि तिथे पडलेला पत्र्याच्या डब्याचा एक तुकडा तीन विटांवर ठेवून दिला. त्या पत्र्यावर मायने मरळ भाजली. पत्रा वाकडा, तेल एका कोपऱ्यात जमायचं, तुकडे चिकटून सोलून निघायचे. आत खोलीत प्रेमिला दार लावून बसली होती, कारण तिला सांगितलं होतं की घरमालकाचा माणूस आला आहे, बाहेर येऊ नको. तो वास दाराच्या फटीतून आत जात असेल. जात असेलच. मायने एकही घास खाल्ला नाही. रात्री त्याने दोघींना एकत्र बसू दिलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी ती पहिल्या मोटारीने गेली. जाताना म्हणाली, "ढिवराची पोरगी, अन् मासोळीचा वास सहन नाई. शयर लागलं तिले." त्याने तेही ऐकून घेतलं. प्रेमिलाचं ते मूल आठ दिवसांचं होऊन गेलं. त्याचा पेढ्यांशी काही संबंध नव्हता, कोणीही शहाणा माणूस हेच सांगेल, आणि मनसाराम स्वतःला शहाणाच समजत होता.

एक खोटं सांगितलं की माणूस निभावून नेतो. दोन खोटी दोन बायकांना सांगितली की मग त्या दोघींना एका ठिकाणी बसू देता येत नाही. सणावारी प्रेमिला गावी आली की माय तिच्यासाठी मुद्दाम वेगळं वरण लावायची. बाकी सगळ्यांच्या पानात मासोळीचा रस्सा, हिच्या पानात वरणभात. प्रेमिला खाली मान घालून वरणभात खायची. मनसाराम त्या वेळी जीव मुठीत धरून बसलेला असायचा, की आता एक विचारेल काऊन, असं का, आणि दुसरी विचारेल कोणी सांगितलं. पण दोघीही मानी. कोणीच विचारलं नाही. त्याला वाटायचं, सुटलो.

रविवारी सकाळी तो तवा घ्यायला निघाला. चांगला घ्यायचा, हे त्याने ठरवून टाकलं होतं. पत्र्याचा तुकडा नाही. मायने हात लावावा आणि म्हणावं की पोराने निवडून आणला. चांद्याच्या जटपुरा दरवाज्याच्या आतल्या बाजूला भांड्यांचं एक दुकान होतं. दुकानदाराने आधी बिडाचे तवे दाखवले, जड, काळेकुट्ट. मनसारामने सवयीने बोटाची पेरं वाजवून पाहिली. डेपोत ओंडका असाच पाहायचा असतो. भरीव असला की नाद स्वच्छ येतो, आतून पोखरलेला असला की बद्द वाजतो. बिडाचा तवा चांगला वाजला. पण उचलताना मनगट वळलं, आणि मायच्या मनगटांना आता हा पेलायचा नाही, हे त्याने पाहिलं. तेवढ्यात दुकानदाराने आतून एक नवी चीज आणली. पितळेचा पंप मारायचा रॉकेलचा स्टोव्ह, तीन पायांचा, वर बसवायला पातळ तवा. "ये देखिए बाबूजी, नागपूरहून आलाय. अंगणात ठेवा, पंप मारा, धूर नाही, राख नाही. घरात कायबी करायची गरजच नाही. भजी करा, अंडी करा, मच्छी करा, वास सगळा बाहेरचा बाहेर." तो खरोखर भला माणूस होता आणि मनापासून सांगत होता. मनसारामच्या मनात जे होतं ते त्याने जसंच्या तसं दुकानाच्या फळीवर मांडलं, पितळेचं, चकचकीत करून. वास बाहेरचा बाहेर! माणूसही बाहेरचा बाहेर! स्टोव्हची निळी ज्योत फुसफुसत होती. मायला ज्योत दिसणार नाही, ती पदर लावून घेईल, असं काहीतरी पुटपुटून तो खाली उतरला. कारण खोटं नव्हतं. पण खरं कारण ते नव्हतं.

तिथून तो दसरू लोहाराकडे गेला. दसरू बैलगाडीच्या चाकाच्या जुन्या धावा, म्हणजे लोखंडी पट्ट्या, तापवून, ठोकून तवे करायचा. त्याचे तवे मधे जरासे खोलगट, कडेला घणाचे व्रण. "हा घ्या जी," दसरू म्हणाला, "तुमच्या मांगंही राहीन. लेकराईले पुरीन." मनसाराम तवा हातात धरून उभा राहिला. लेकरं नाहीत, हे दसरूला ठाऊक नव्हतं, त्याचा काही दोष नव्हता. भट्टीतला कोळसा फुटत होता. हा तवा मायनंतरही राहील, त्याच्यानंतरही राहील, पेरूखाली गंजत पडून राहील, आणि क्वार्टरात येणारा पुढचा मुन्शी विचारेल, बाहेर कोणासाठी मांडलं होतं हे? त्या न आलेल्या माणसाच्या प्रश्नाने मनसारामला भर उन्हात ओशाळल्यासारखं झालं. आंबट घातलेलं लोखंडावर काळं पडतं, असं त्याने दसरूला सांगितलं. तेही खरंच होतं. त्या दिवशी तो खऱ्याच गोष्टी सांगत होता आणि एकदाही खरं बोलत नव्हता.

राहता राहिला मातीचा. आठवडी बाजारात वडाच्या सावलीत मंगली कुंभारीण बसायची, तिच्यापुढे पोत्यावर तवे उपडे घातलेले. आपल्या गावच्या घरीही मातीचाच होता. बोटभर जाड, चांगला दोन बोटं काठ असलेला, आतून जवसाचं तेल पिऊन काळा, गुळगुळीत झालेला. त्या काठामुळे तेल आणि आंबट पाणी तव्यातच फिरायचं आणि मासोळी त्यात हळूहळू मुरायची. मातीचाच घ्यावा, असं त्याच्या मनाने घेतलं. आणि त्याच क्षणी मनाच्या तळाशी एक किडका विचार वळवळला, तो त्याने स्पष्ट पाहिला: माती बरी, माय गेलीच तर फोडून कुंपणापलीकडे टाकता येईल, मागे काही राहणार नाही. आपल्या मनात असलं काही असू शकतं याची त्याला शिसारी आली. पण विचार आला तो आला. त्याने एक तवा उचलून पेरं वाजवली. मंगली खळखळून हसली. "लाकूड नोहो जी ते! कायसाठी पायजे ते सांगा अगोदर. आयत्यासाठी की मासोळीसाठी?"

तवे दोन जातींचे होते. आयत्यांसाठीचा, तांदळाच्या धिरड्यांचा, सपाट, बिनकाठाचा, वरून घोटलेला, म्हणजे तांदळाचं पातळ पीठ सरसर पसरतं आणि उलथनं सहज खाली जातं. मासोळीसाठीचा खोल, काठाचा. हे मनसारामला सांगायची गरज नव्हती. तो त्याच भांड्यांत वाढला होता. त्याने तोंड उघडलं. शेजारच्या भाजीवालीपुढे डेपोतला एक चपराशी उभा होता, वांगी निवडत. चपराशाने वर पाहून रामराम केला. मनसाराम म्हणाला, "आयत्यासाठी." मंगलीने सपाट तव्यांतला सगळ्यात चांगला त्याच्या हातात दिला. "पेज उकळून मुरवजा एक दिवस," म्हणाली. तो तवा दोन्ही हातांनी छातीशी धरून घरी आला. वाटेत त्याला वाटत होतं की परत जावं आणि बदलून आणावा. ती बिचारी बदलून देईल, तिला त्याचं काय! वडापासून क्वार्टरापर्यंत तो हेच घोकत आला, आणि घरी येऊन तवा पेरूखाली ठेवला. तेरा वर्षं झाली, मासोळी हा शब्द या शहरात घराबाहेर त्याच्या तोंडातून निघालेला नव्हता, आणि आता तो शब्दच त्याच्या तोंडाला नको झाला होता.

सोमवार-मंगळवार त्याने हौसेने खपून चूल केली. गडचिरोलीच्या रस्त्याकडची चिकणमाती आणून, भुसा घालून तिला मळली, शेणाने सारवलं, खाली पाणी शिंपून जमीन चोपली. तव्यात भाताची पेज उकळून त्याला मुरवलं. एक बसायचं पिढं धुऊन ठेवलं. प्रेमिला मागच्या दारात उभी राहून बघत होती. "चांगलं केलं," ती म्हणाली. तव्याकडे मात्र तिने जरा जास्त वेळ पाहिलं. तीही तशाच घरची. मग ती आत गेली.

बुधवारी दुपारी माय मोटारीतून उतरली. एक गाठोडं, आणि पळसाच्या पानांत बांधलेली, ओल्या फडक्यात गुंडाळलेली मासोळी. तशीच, अकरा वर्षांपूर्वीसारखी. फक्त ती आता स्टँडवरच्या टांग्याच्या दांडीला हात लावत, चाचपत चालत होती. घरी आल्यावर तिने पाय धुतले, पाणी प्यायली, भिंतींवरून हात फिरवून खोली पाहिली. प्रेमिला पाया पडली तर, "सुखी राहा बाई," म्हणाली, एवढंच. मग मनसाराम तिला हाताला धरून मागे घेऊन गेला. "माय, हे तुह्यासाठी केलं. चूल, तवा, सगळं नवं." मायने पेरूच्या खोडाला हात लावला, खाली बसली, सारवलेली जमीन तळहाताने पाहिली. "तू सारवलं?" तो हो म्हणाला. ती हसली. किती तरी दिवसांनी ती त्याच्यासाठी हसली, आणि मनसारामच्या जिवाला एकदम हलकं वाटलं. जिंकलं, असंच त्याला वाटलं. मग तिची बोटं तव्यावर आली. काठ शोधत कडेने पूर्ण एक फेरी फिरली. काठ नव्हता. बोटं पुन्हा फिरली.

"हा त आयत्याचा हाये," ती म्हणाली. "कुंभारनीनं फसवलं काय तुले?"

"नाई. मीच मांगतला."

"तुले मालूम नोहतं?"

"होतं."

ती पुढे काही विचारेल म्हणून तो वाट पाहत राहिला. तिने चूल पेटवायला सांगितली. जवसाचं तेल तव्यावर पडलं, हळद-मीठ लावलेले तुकडे पडले, आणि जे व्हायचं तेच झालं. तेल सपाट मातीवरून धावत कडेला गेलं आणि सरळ विस्तवात पडलं. भपकन धूर उठला. साधा धूर नव्हे, तेला-मासोळीचा दाट, पिवळा, चारी दिशांना पसरणारा धूर. घरात शिजवली असती तर गल्लीला पत्ता लागला नसता. इथे आता सगळ्या डेपोच्या क्वार्टरांना कळलं होतं. कुंपणापलीकडे आत्ताच्या हेडक्लार्कची बायको इंदुताई तारेवरच्या साड्या काढून आत गेली. वासामुळे गेली की साड्या वाळल्या होत्या म्हणून गेली, हे मनसारामला ठरवता येईना. असल्याच न ठरलेल्या गोष्टींवर आपण तेरा वर्षं काढली, असं त्याच्या मनात आलं, आणि ती काढलेली वर्षं त्याला आजवर कधी दिसली नव्हती.

माय मुळीच गडबडली नाही. "बाई वो," तिने घराकडे तोंड करून हाक मारली, "तांदळाचं पीठ भिजवून आनजो, घट्ट. तव्याले काठ करतो." प्रेमिला परातीत पीठ घेऊन बाहेर आली आणि चुलीपाशी येऊन बसली. मायने हात आडवा केला. "तू दूर बस. तुले वास सहन होत नाई न."

प्रेमिला परात धरून तशीच राहिली. "मले?" ती म्हणाली. "मले काऊन सहन होनार नाई, आत्याबाई?"

"यानं सांगतलं."

"कवा?"

"तुले दिवस होते तवा. मी झिंगे घेऊन आलतो."

मनसाराम पाण्याची बादली घेऊन उभा होता. ती खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही. त्याने प्रेमिलाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, कारण न पाहणं शक्यच नव्हतं. तिथे राग नव्हता. ती मागे मागे जात होती, एकेक दिवाळी, एकेक पान, बंद दाराआडची ती दुपार. "आमाले त घरमालकाचं सांगतलं," ती शेवटी म्हणाली, त्याच्याशी नाही, मायशी. "अन् तुमी मले वरन वाढा. मी म्हनो, आत्याबाई मले परकी समजते. आपल्या लोकाईले मासोळी, मले वरन."

"माय वो!" म्हातारी म्हणाली. "मी त तुह्यासाठी न्यारं करत होतो. सोता उठून करत होतो." आणि तिने आपल्या त्या न दिसणाऱ्या डोळ्यांनी मनसाराम जिथे उभा होता तिकडे तोंड वळवलं. "काऊन रे?"

घरमालक, शेजारी, हेडक्लार्क, सगळे एका रांगेत त्याच्या ओठांशी आले. एकही उपयोगाचा नव्हता. "मले लाज वाटे," तो म्हणाला. आवाज अगदी साधा निघाला. म्हटल्याबरोबर त्याला रडू आलं नाही, की मोकळंही वाटलं नाही. फक्त बादली जड झाली आणि त्याने ती खाली ठेवली. माय त्याला शिव्या देईल तर बरं, असं त्याला वाटलं. ती गाठोडं मागेल, असंही वाटलं. ती पिठाची लांब वळी करत होती. ती वळी तिने तव्याच्या कडेने दाबत दाबत लावली, बोटाने सांधली, आणि सपाट तव्याला काठ उभा राहिला. तेल आता आतच राहिलं. तुकडे शांतपणे तडतडू लागले.

पहिला तुकडा झाल्यावर तिने तो पळसाच्या पानावर घेतला आणि पान प्रेमिलापुढे सरकवलं. मनसाराम नकळत पुढे वाकला होता. "तू थांब," माय म्हणाली. "तिचं होऊ दे." तो पिढ्यावर बसला नाही, चोपलेल्या जमिनीवरच बसला. प्रेमिलाने तुकडा उकलला. मधला काटा तिने एका ओढीत अखंड काढून बाजूला ठेवला, बारीक काटे जिभेने वेगळे केले, सवयीने, सहज, जणू काल रात्रीच जेवली होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती, हात भरलेले होते. दुसरा तुकडा तिने घेतला. तिसराही घेतला. त्याच्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही. माय विचारत होती, "मीठ बरं हाये न?" आणि ती मान हलवत होती, मग मायला दिसत नाही हे आठवून तोंडाने म्हणत होती, "बरं हाये जी." तव्यावरचे सगळे तुकडे त्या दोघींतच संपले. मनसारामसमोरून तो वास जात होता आणि त्याला भूक लागली होती, अशी भूक जी त्याला या शहरात कधी लागली नव्हती. मिळणार नव्हतं हे त्याला कळलं होतं, आणि ते त्याला रास्त वाटलं.

मायने पिठाचा भाजलेला काठ मोडून खाल्ला, हात पाण्यात बुडवले आणि पदराला पुसले. "उद्या बजारातून ताजी आनजो," ती म्हणाली. "पिशवीत घालून नोको आनू. दोरीत ओवून, हातात धरून आन. डेपोपुढून ये."

उद्या, म्हणाली होती ती. मनसारामने तो शब्द नीट ऐकला.

"किती आनू?" त्याने विचारलं.

मायने उत्तर द्यायच्या आधी प्रेमिलाने काटे गोळा करून पानाची पुरचुंडी केली, उठली, आणि दाराकडे जाता जाता, अजूनही त्याच्याकडे न बघता, म्हणाली, "तीन मानसाची."